यादीतून प्रश्न खोडायचा कुणी?

अपूर्णांक (धागाकर्ता)

गेली काही वर्षं मी एक वही ठेवली आहे. वाचताना कुठेही ‘हे अजून कुणाला माहीत नाही’ असं दिसलं की तो प्रश्न तिच्यात उतरवायचा. गणित, भौतिकी, रसायन, अभियांत्रिकी, काहीही चालतं. चार रकाने आहेत: प्रश्न, कधीपासूनचा, कुणी विचारला आणि सद्यस्थिती. पहिल्या तिघांची तक्रार नाही. चौथ्याने डोकं खाल्लंय.

गोल्डबाखची अटकळ घ्या. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? १७४२ मध्ये गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या पत्रव्यवहारातून निघालेला हा प्रश्न. संगणकाने ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, एकही अपवाद सापडला नाही. मी लिहिलं, ‘सुटलेला नाही’. त्याच पानावर खाली भूल. १८४६ मध्ये इथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून असंख्य लोक भूल घेऊन सुखरूप शुद्धीवर आले. पण ते औषध शुद्ध हरपवतं म्हणजे मेंदूत नेमकं काय करतं, याचं पूर्ण उत्तर नाही. इथे काय लिहू?

म्हणून विचारतोय. तुमच्या विषयात ‘सुटला’ कधी म्हणतात? आणि खोडायची पेन्सिल कुणाच्या हातात असते? तत्त्वज्ञान कमी, उदाहरणं जास्त अशी विनंती.

ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी वहीतलं पहिलं पान: कोणतीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा. हेच करत राहा. शेवटी १ येतोच का? कोलॅट्झची अटकळ म्हणतात हिला. २७ घेऊन बसा, वेळ छान जातो.

मूळसंख्या

गणितात पेन्सिल फक्त सिद्धतेच्या हातात. गोल्डबाखबद्दल तुमच्या मनात जी चुळबूळ आहे (‘एवढं तपासलंय, आता पुरे की’), तिच्यावर पोल्याची अटकळ हे जालीम औषध आहे.

प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा, पुनरावृत्तीसकट. १२ म्हणजे २×२×३, तीन अवयव, विषम. १० म्हणजे २×५, दोन, सम. आता २ पासून पुढची कुठलीही हद्द ठरवा आणि १ पासून तिथपर्यंतच्या संख्या दोन ढिगांत टाका (१ ला अवयवच नाहीत, तो समच्या ढिगात). पोल्याने १९१९ मध्ये म्हटलं की विषमचा ढीग समपेक्षा कधीच लहान नसतो. शंभरपर्यंत करा, हजारपर्यंत करा, लाखापर्यंत करा, बरोबर. १९५८ मध्ये हॅसलग्रोव्हने सिद्ध केलं की हे चूक आहे, आणि तेसुद्धा चुकीची संख्या हातात न धरता! सर्वांत लहान अपवाद १९८० मध्ये नक्की झाला: ९०,६१,५०,२५७. म्हणजे नव्वद कोटींपर्यंत निसर्ग तुमच्या बाजूने मान डोलावत होता.

मर्टेन्सच्या अटकळीची (तीही मूळ अवयवांच्या सम-विषम मोजणीबद्दलच) गोष्ट याहून वाईट. ती १९८५ मध्ये मोडली, पण जिथे ती मोडते अशी एकही प्रत्यक्ष संख्या आजतागायत कुणी दाखवलेली नाही. तरीही गणिती मंडळींनी ती निर्धास्तपणे खोडली आहे.

सहजआलेली

२७ घेतलं. सतरा पायऱ्या झाल्या, ३६४ आलंय. हे वाढतच चाललंय की हो.

अपूर्णांक

@सहजआलेली, घाबरू नका, अजून बरंच चढायचंय.

@मूळसंख्या, नव्वद कोटींचं उदाहरण वहीत गेलं. पण मग कापरेकरांच्या ६१७४ चं काय? तिथे तर तपासूनच सिद्ध होतं ना?

मूळसंख्या

होतं, कारण तिथे चार अंकी संख्याच आहेत. सगळे अंक सारखे नसलेली संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची वजा करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या. दहा हजारांच्या आतला मामला आहे, एका दुपारात सगळ्या तपासता येतात आणि ती तपासणी हीच सिद्धता. कोलॅट्झ २ च्या ६८ व्या घाताच्याही पलीकडे तपासून झालंय, पण पुढे अनंत उरलंय. भरपूर तपासणं आणि सगळं तपासणं यांत तेवढाच फरक, आणि तो कधीच भरून निघत नाही.

लोखंडी_रसायन

आमच्याकडे पेन्सिल बऱ्याचदा कारखान्याच्या हातात असते.

हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया. हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवलं, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. उत्प्रेरक शोधायला मिटाशच्या चमूने हजारो चाचण्या केल्या आणि शेवटी लोखंडच हाती लागलं, त्यात थोडी ॲल्युमिना आणि पोटॅशची भर. लोखंडच का? त्यांना ठाऊक नव्हतं. चालतंय ना, मग लावा. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियस, शेकडो वातावरणांचा दाब. जगातल्या शेतीचं खत त्यावर उभं राहिलं.

लोखंडाच्या पृष्ठभागावर काय चाललंय हे पायरी-पायरीने उलगडलं ते गेरहार्ड एर्टलने, १९७० च्या दशकापासून पुढे. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध पृष्ठभागावर तुटतो, आणि तीच सगळ्यांत संथ पायरी. ती उरकली की एकेक हायड्रोजन चिकटत जातो. त्याला २००७ मध्ये नोबेल मिळालं. हाबरला मिळालं होतं १९१८ चं. एकाच अभिक्रियेची दोन नोबेलं, मध्ये ८९ वर्षं. आता सांगा, प्रश्न सुटला कधी?

बरं, माझ्या हिशेबी तो अजूनही सुटलेला नाही. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला, साध्या दाबाला करतात. त्यांच्या विकराच्या काळजात लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम यांचा एक गुच्छ असतो. त्या गुच्छाच्या ऐन मध्यभागी एक हलका अणू आहे हे २००२ मध्ये दिसलं. तो कार्बन आहे हे ठरायला २०११ उजाडलं. एक अणू ओळखायला नऊ वर्षं! आणि तो तिथे बसून करतो काय, यावर अजून वाद आहेत.

व्यवहारी

मुद्दा मान्य, पण थोडं टोकतो. खत मिळालं, भूल मिळाली, लोक जगले. बाकीचं ‘का’ हा प्राध्यापकांचा प्रांत. वहीत ‘सुटला’ लिहा आणि पुढच्या पानावर जा.

गुंगी

व्यवहारीसाहेब, मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे इथे गप्प बसणं शक्य नाही.

आमच्याकडे ‘मॅक’ नावाचं माप आहे. वायूची ज्या तीव्रतेला, चीर दिल्यावर निम्मे रुग्ण हालचाल करत नाहीत, ती तीव्रता. रोजचं काम त्यावर चालतं. पण व्याख्या नीट वाचा: निम्मे, आणि हालचाल. शुद्ध हरपली का, हे ते माप विचारतच नाही. हालचाल थांबवण्याचं काम मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत होतं, हे नंतर प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. म्हणजे कित्येक वर्षं आम्ही एक गोष्ट मोजत होतो आणि दुसरीच मोजतोय असं समजत होतो.

१९०० च्या आसपास मायर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जे औषध तेलात जास्त विरघळतं ते जास्त जोरकस भूल देतं. इतका सुंदर आलेख, की सगळ्यांनी मान्य केलं: औषध पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरतं, आवरण बिघडतं, शुद्ध जाते. प्रश्न सुटला! पुढची अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत हेच. मग १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यातलं प्रकाश देणारं प्रथिन घेतलं, ज्याच्या आसपास स्निग्ध पदार्थ नाहीतच, आणि भूल देणाऱ्या औषधांनी तेही मंदावतं हे दाखवलं. तीव्रताही साधारण माणसाला लागते तेवढीच. म्हणजे औषध थेट प्रथिनावर बसतं. आज बोट गाबा ग्राहकाकडे (चेतापेशींना शांत करणारा संदेश घेणारं प्रथिन) दाखवतात, पण केटामीन आणि झेनॉन ही भुलेचीच औषधं मुख्यतः दुसऱ्याच ग्राहकावर काम करतात. एकच ‘भूल’ आहे की तीन-चार वेगळ्या गोष्टींना आपण एक नाव दिलंय, हेही धड ठरलेलं नाही.

‘का’ला व्यवहारात किंमत आहे. वयस्कर रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रमात जातात, त्यात भुलेचा वाटा किती आणि ऑपरेशनच्या आघाताचा किती, हे यंत्रणा कळल्याशिवाय वेगळं काढायचं कसं?

व्यवहारी

@गुंगी, शब्द मागे. (अर्धे.)

दोनचाकी

मला उलटं उदाहरण द्यायचंय. समीकरणं हातात, तरी ‘का’ नाही.

सायकल ढकलून सोडली तर काही वेळ आपली आपण तोल सांभाळत धावते. तिची गतीची समीकरणं व्हिपलने १८९९ मध्ये मांडली. कारण विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळत: फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम, किंवा पुढचं चाक हँडलच्या आसाच्या रेषेमागे जमिनीला टेकतं म्हणून. २०११ मध्ये एका गटाने दोन्ही कारणं मुद्दाम काढून टाकलेली सायकल बांधली. चाकांवर उलट फिरणारी चाकं लावून भोवरा रद्द, आणि चाक आसाच्या रेषेच्या किंचित पुढे टेकवलेलं. ढकलली. आपली आपण सरळ गेली!

म्हणजे ती दोन्ही कारणं सत्य असतील, पण आवश्यक नाहीत. समीकरणाला विचारा, ते प्रत्येक सायकलचं अचूक भाकीत देईल. ‘कुठल्या सायकली स्थिर असतात’ याचं एका वाक्यातलं उत्तर मागा, ते अजून कुणाकडे नाही. वहीत हा प्रश्न कुठल्या पानावर टाकाल?

नेव्हियर-स्टोक्सचंही तसंच. पाण्या-हवेच्या प्रवाहाची ही समीकरणं संगणकावर सोडवून विमानं बनतात. पण त्रिमितीत त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात की कुठेतरी बिघडून अनंताला जातात, हे सिद्ध झालेलं नाही, आणि क्ले संस्थेचं २००० साली जाहीर झालेलं १० लाख डॉलरचं बक्षीस पडून आहे. अभियंत्याने खोडलेला आणि गणितीने गोल केलेला असा एकच प्रश्न.

सहजआलेली

१६१९ वर आहे. कागद संपला, दुसरा घेतला.

कडबोळे_प्रथिन

अपूर्णांक, तुमच्या वहीत प्रथिनांच्या घडीचा प्रश्न असेलच. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या स्पर्धेत बाकी सगळ्यांना मागे टाकलं आणि मथळे आले, ‘पन्नास वर्षांचा प्रश्न सुटला’. २०२४ च्या रसायनाच्या नोबेलमध्ये हसाबिस आणि जंपर यांचा वाटा त्यासाठीच.

काम प्रचंड मोठं आहे, त्यात वाद नाही. अमिनो आम्लांची माळ द्या, अंतिम आकार घ्या, बहुतेकदा प्रयोगाशी जुळेल असा. पण ‘घडीचा प्रश्न’ या नावाखाली मुळात निदान दोन प्रश्न होते. आकार कोणता, हा एक. माळ त्या आकारापर्यंत पोहोचते कशी, हा दुसरा. लेव्हिन्थालने १९६९ मध्ये हिशेब मांडला होता की सगळे शक्य आकार एकेक करून चाचपायचे तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि प्रत्यक्षात लहान प्रथिनं सेकंदाच्या छोट्या भागात घडी घालतात. वाट कशी सापडते याची चांगली कल्पना आज आहे (उतारावरून घरंगळत जाण्यासारखं, पण हजारो मितींच्या उतारावरून), तरी एखाद्या प्रथिनाची वाट अल्फाफोल्ड सांगत नाही. ज्यांना ठाम आकारच नसतो अशी प्रथिनं तर वेगळीच.

यात मला खटकतं ते असं. १९६३ मध्ये रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मणक्यांसारख्या त्या साखळीचे कोन कुठे वळू शकतात, कुठे नाही, याचा नकाशा काढला. एक पान. अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढाच त्यामागचा विचार. तो नकाशा बघून विद्यार्थ्याला काहीतरी *कळतं*. अल्फाफोल्डच्या कोट्यवधी आकड्यांकडे बघून उत्तर मिळतं.

बिट_बिट

@कडबोळे, उत्तर मिळणं एवढं कमी लेखू नका. शिवाय संगणनात दोन्ही टोकं आहेत.

सिम्प्लेक्स पद्धत (ठरलेल्या मर्यादांत सर्वांत फायदेशीर पर्याय शोधण्याची) डान्ट्झिगने १९४७ मध्ये दिली, उद्योगधंद्यांत नियोजनाला सर्रास वापरतात. १९७२ मध्ये क्ली आणि मिन्टी यांनी असं उदाहरण रचलं की ती पद्धत तिथे घातांकी वेळ घेते (प्रश्न थोडा वाढला की वेळ पटीपटीने फुगतो). सिद्धांताने नापास, व्यवहारात पहिली. उलट बाजूला मूळ संख्या ओळखण्याचा प्रश्न: अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की हे काम बहुपदी वेळेत (म्हणजे वेळ असा न फुगता), नशिबाची मदत न घेता होतं. शतकानुशतकांचा प्रश्न खोडला गेला. आणि प्रत्यक्ष वापरात? संगणक अजून जुन्याच, फासे टाकणाऱ्या चाचण्या वापरतात, कारण त्या वेगवान आहेत. ज्याने खोडलं त्याने वापरायला दिलं नाही, ज्याने वापरायला दिलं त्याला खोडता आलं नाही.

मूळसंख्या

आणि खोडल्यावर पिल्लं होतात हे विसरू नका. ऑयलरने १७८२ मध्ये म्हटलं की ६, १०, १४ अशा बाजूंचे परस्पर जुळणारे दोन लॅटिन चौरस (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच; जुळणारे म्हणजे एकावर एक ठेवले की चिन्हांची कुठलीही जोडी दुसऱ्यांदा येत नाही) असूच शकत नाहीत. ६ चं १९०० च्या सुमारास टॅरीने एकेक शक्यता तपासून खरं ठरवलं. मग १९५९-६० मध्ये राजचंद्र बोस, आपले शरदचंद्र श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं की ६ नंतर प्रत्येक बाजूला ऑयलर चूक. पावणेदोनशे वर्षांचा प्रश्न साफ. आता १० च्या बाजूचे, प्रत्येक जोडी जुळेल असे *तीन* चौरस आहेत का? माहीत नाही. अपूर्णांक, नवीन ओळ घाला.

घड्याळजी

भौतिकीतली अडचण अजून एक. आमच्याकडे पेन्सिल प्रयोगाच्या हाती, पण दोन प्रयोग भांडले तर?

अणुकेंद्राबाहेरचा मोकळा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत मोडतो. नेमका किती सेकंदांत? एक पद्धत: अतिशय थंड न्यूट्रॉन ‘बाटलीत’ कोंडा आणि काही वेळाने किती उरले ते मोजा. उत्तर सुमारे ८७८ सेकंद. दुसरी पद्धत: न्यूट्रॉनचा झोत सोडा आणि मोडून किती प्रोटॉन निघाले ते मोजा. उत्तर सुमारे ८८८. प्रत्येकाची स्वतःची मान्य चूक एक-दोन सेकंद किंवा त्याहून कमी. दोघंही काळजीपूर्वक काम करणारे.

व्यवहारी

दहा सेकंदांनी काय बिघडतं? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

घड्याळजी

विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत किती न्यूट्रॉन शिल्लक राहिले त्यावर किती हेलियम बनला हे ठरतं. तो हेलियम आपण मोजू शकतो, पण गणितात घालायचा आकडाच डळमळीत असेल तर ताळा कसा घेणार? शिवाय बाटलीतून न्यूट्रॉन नाहीसे होतात, झोतात प्रोटॉन दिसतात. दोन्ही आकडे खरे असतील तर काही न्यूट्रॉन प्रोटॉन न देताच नाहीसे होतायत. तसं असेल तर मोठीच गोष्ट. पण माझी पैज कंटाळवाण्या उत्तरावर आहे: कुठल्यातरी उपकरणात न ओळखलेली चूक. २०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे ६० नॅनोसेकंद धावलेले आठवतात? मुख्य कारण निघालं नीट न बसलेली प्रकाशतंतूची जोडणी.

असे प्रश्न कुणी खोडत नाही. एके दिवशी तिसरा प्रयोग एका बाजूला झुकतो, मग लोक त्याबद्दल बोलणं सोडून देतात.

तिसरे_वर्ष

पहिल्यांदाच लिहितेय. मी संशोधन विद्यार्थिनी. वरचे सगळे प्रश्न निदान प्रसिद्ध तरी आहेत. माझ्या पहिल्या दोन वर्षांचा प्रश्न मार्गदर्शकांनी ‘कुणी हात लावलेला नाही’ म्हणून दिला. मीही साहित्य चाळलं, काही सापडलं नाही. मग एका परिसंवादात, चहाच्या वेळेत, दुसऱ्या शाखेतल्या कुणीतरी फळ्यावर माझंच समीकरण लिहिलं. चिन्हं वेगळी, नाव वेगळं. त्यांच्याकडे ते कधीच सुटलेलं, आणि इतकं जुनं की आता कुणी त्यावर लिहीतही नाही. म्हणून माझ्या शोधात आलं नव्हतं. वहीत हा रकाना आहे का: ‘सुटलाय, पण शेजारच्या खोलीत’?

बिट_बिट

@तिसरे_वर्ष, संगत चांगली आहे तुमची. झटपट फूर्ये रूपांतराची (संकेतातल्या वेगवेगळ्या वारंवारता वेगाने सुट्या करण्याची) पद्धत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडली आणि संकेतांच्या जगात क्रांती झाली. नंतर लक्षात आलं की गाउसने ती १८०५ च्या आसपास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती. लॅटिनमध्ये लिहून ठेवली, छापली त्याच्या मृत्यूनंतर.

दोन वर्षं मात्र गेलीच, त्याचं वाईट वाटतं. पुढे काय केलंत?

तिसरे_वर्ष

त्यांच्या उत्तरात एक गृहीतक आहे जे आमच्या प्रणालीत लागू होत नाही. आता त्यावर काम चालू आहे. त्या शाखेतल्या एकांना सहमार्गदर्शक करून घेतलंय.

अपूर्णांक

चौथा रकाना खोडरबराने पुसला. सध्या तिथे उत्तराऐवजी नावं लिहितोय: अमोनियापुढे ‘कारखाना १९१३, एर्टल, जिवाणूवाले नाहीत’. सायकलपुढे ‘व्हिपल’ आणि प्रश्नचिन्ह. न्यूट्रॉनपुढे दोन आकडे. तिसरे_वर्ष, तुमच्यासाठी वहीच्या समासात जागा काढलीय.

केप्लरच्या गोळ्यांच्या रचनेवर (सारख्या गोळ्या जास्तीत जास्त दाटीने कशा रचायच्या) कुणी लिहिणार का? हेल्सची १९९८ ची सिद्धता, परीक्षक म्हणाले ९९ टक्के खात्री आहे, आणि मग त्याने उरलेल्या एका टक्क्यासाठी संगणकाकडून ओळ न् ओळ तपासून घ्यायला २०१४ पर्यंतचा वेळ दिला. गणितात ९९ टक्के म्हणजे काय, हे मला मूळसंख्यांकडून ऐकायचंय.

मूळसंख्या

लिहितो, पण उद्या. तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे.

सहजआलेली

झालं! १ आला! सर्वांत वर ९२३२ पर्यंत गेलं होतं. एकूण ११० पायऱ्या.

मूळसंख्या

१११ हव्यात. ९२३२ कितव्या पायरीला आलं?

सहजआलेली

७७ व्या.

मूळसंख्या

तिथपर्यंत बरोबर. उतरताना काहीतरी गळलंय. ४३३ नंतर काय लिहिलंय?

सहजआलेली

१३००, मग ३२५. … अरे हो. ६५० राहिलं.